बावचीचं तेल

"हात काढ. आधी हात काढ तिच्या तोंडावरून."

नवरीची मावशी ओरडली तेव्हा माझी बोटं नवरीच्या गालांवर होती. फेशियल चालू होतं. नवरीचे डोळे मिटलेले, त्यांच्यावर ओल्या कापसाचे बोळे. तिला काही दिसत नव्हतं. मावशीला दिसत होतं. माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी आणि दोन बोटांच्या टोकांना पांढरे डाग होते. क्रीम पांढरं, म्हणून इतका वेळ लक्षात आलं नसावं. क्रीम जिरत गेलं आणि डाग तसेच राहिले.

मी हात काढले.

मावशीनं नवरीला उठवलं, बेसिनपाशी नेलं आणि स्वतः तिचं तोंड धुतलं. साबणानं. एकदा धुवून झालं तरी परत धुतलं. "अगं, पण झालं काय?" नवरी विचारत होती. "काही नाही. तू डोळे उघडू नकोस," मावशी म्हणाली. मग पार्लरच्या मालकीण मॅडमकडे वळली. मी तिथं नाहीच अशा थाटात बोलली.

"हळद लागायचीय हो पोरीला. शुभकार्य आहे. आणि तुम्ही कोड फुटलेली बाई लावता?"

मॅडम म्हणाल्या, "सो सॉरी. मला कल्पनाच नव्हती."

कल्पना होती. अंगठ्यावर पहिला डाग आला तेव्हा मीच त्यांना दाखवला होता. त्या म्हणाल्या होत्या, "कॅल्शियम कमी असेल. दूध पी." आता त्यांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. मागच्या खोलीच्या दिशेनं. मी गेले.

मुलुंड पश्चिमेला एका मोठ्या सोसायटीच्या तळमजल्यावर ते पार्लर होतं. बाहेर काच, आत थंडगार एसी, भिंतीभर आरसे. मी तिथं बरीच वर्षं होते. थ्रेडिंगला माझा हात हलका म्हणून बायका मला मागून घ्यायच्या. "ती सावळी मुलगी आहे ना, तिलाच द्या." नाव कुणी घेत नसे, पण मागायच्या. मला त्याचाही आनंद होता.

तिथं येणाऱ्या सगळ्यांना उजळ व्हायचं होतं. ब्लीच लाव, डी-टॅन कर, मान काळी पडलीय, कोपरं काळी पडलीत. दिवसभर मी बायकांचा काळेपणा घासून काढायचे. आणि माझी स्वतःची कातडी, कुणी न सांगता, पांढरी होत होती. हा पांढरेपणा मात्र कुणालाच नको होता. मागच्या खोलीत टॉवेलच्या ढिगाजवळ बसल्यावर मला याचं हसू आलं. मोठ्यानं हसले. बाहेर ऐकू गेलं असेल. कुणी आत आलं नाही.

त्या दिवसापासून मी आतच. टॉवेल धुणं, वाट्या घासणं, वॅक्स गरम करून पडद्याच्या फटीतून बाहेर देणं. मॅडमनी रबरी हातमोजे आणून दिले. "तुझ्याच भल्यासाठी गं. केमिकल लागायला नको," म्हणाल्या. केमिकल तर मी इतकी वर्षं उघड्या हातानं वापरत होते.

चहाचा माझा कप वेगळा ठेवायला लागल्या, असं मी लिहिलं तर तुम्हाला वाटेल की कोडामुळे. तसं नाही. कप आधीपासूनच वेगळा होता. बाकीच्या मुलींचे कप रॅकवर उलटे घातलेले असायचे, माझा खिडकीत. कुणी कधी काही बोललं नव्हतं. कामाला लागताना मॅडमनी आडनाव विचारलं होतं, मी सांगितलं होतं, त्यांनी "अच्छा" म्हटलं होतं. बस. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी नवा कप आला. मला वाटलं, नवीन मुलगी म्हणून नवीन कप. कोड खूप नंतर आलं.

घरी आई आणि मी, दोघीच. कांजूरमार्ग पूर्वेला, वाऱ्याची दिशा बदलली की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो त्या भागात. वडील वारले. भाऊ लग्न करून नालासोपाऱ्याला गेला. आई एका गाळ्यात बाटल्यांची बुचं भरायच्या कामाला जाते. आम्ही बौद्ध. मूळ गाव बुलढाण्याकडचं. आईची बोली अजून तिकडचीच आहे.

आईला मी त्या मावशीचं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "डॉक्टरला दाखवून येते."

सरकारी हॉस्पिटलच्या चामडीच्या विभागात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. घाईत असायच्या, पण हात हातात घेऊन बघायच्या. बऱ्याच दिवसांत माझा हात कुणी असा उघडा धरला नव्हता. त्यांनी चेहराही बघितला. डोळ्याच्या कोपऱ्याशी एक डाग सुरू झाला होता, तो मला माहीतच नव्हता.

"हा लागट आजार नाही," त्या म्हणाल्या. "कुणाला शिवल्यानं होत नाही. तुम्ही काही चुकीचं खाल्लं म्हणूनही झालेला नाही. बावची माहितीये?"

"नाही."

"एक झाड असतं. त्याच्या बियांमध्ये जे असतं, त्याच जातीचं औषध या गोळीत आहे. गोळी पोटात गेली की कातडी उजेडाला हळवी होते. मग दोनेक तासांनी मशीनमध्ये उभं करून आम्ही मोजून उजेड देतो. मोजून. कळलं? बाहेर आलात की दिवसभर ऊन बंद. अंग झाकायचं. काळा चष्मा काढायचा नाही, डोळ्यांनाही गोळी लागलेली असते. आणि स्वतःच्या मनानं उन्हात बसायचं नाही. भाजाल."

मी घरी येऊन आईला बावचीचं विचारलं. आई हसली. "बावची? लई असायची बांधाला. बारीक जांभळी फुलं. काळं बी, वास मारायचं. गावातला म्हातारा द्यायचा पांढऱ्या डागावर उगाळून." मग म्हणाली, "बांध आपला नव्हता. आपन निंदायला जायचो."

मशीन म्हणजे उभं कपाट. आत चारी बाजूंनी उंच उंच ट्यूबलाइट. अंगावरचे कपडे काढून, डोळ्यांवर गॉगल लावून आत उभं राहायचं. सिस्टर बाहेरून दार लावायच्या आणि म्हणायच्या, "हलू नका." पंखा घोंघावायचा. गॉगलमधून काही दिसायचं नाही, कातडीला मात्र कोमट लागायचं. गोळीनं मळमळायचं. मी भिंत धरू शकत नव्हते, कारण भिंत नव्हतीच, सगळ्या ट्यूबलाइट.

त्या कपाटात मला जितकं एकटं वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं. आणि खरं सांगू, तिथं बरंही वाटायचं. मशीनला माझी शिसारी येत नव्हती. त्या दिवसांत मला जगाकडून तेवढंच हवं होतं.

बाहेर पडले की अंगभर कपडे, डोक्याला ओढणी, काळा चष्मा. रस्त्यावरची पोरं म्हणायची, "काय हिरोईन!" कामावर उशिरा पोचायचे म्हणून मॅडम कुरकुरायच्या. एसीत, मागच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली मी काळा चष्मा घालून टॉवेलच्या घड्या घालायचे.

पार्लरमध्ये रेश्मा नावाची मुलगी होती, माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच डब्यातून जेवायचो, म्हणजे आधी जेवायचो. एका सोमवारी मी तिच्या मोबाईलवर फोटो बघितले. सगळ्या मुली गोराईला गेल्या होत्या. होडीतले फोटो, वाळूतले फोटो. सगळ्या होत्या.

"तू उन्हात येणार नाहीस ना, म्हणून नाही विचारलं यार," रेश्मा म्हणाली.

"हो. बरोबर आहे," मी म्हटलं.

विचारलं असतं तर मी नाहीच म्हणाले असते. पण विचारायला हवं होतं.

गोळीनं आणि मशीननं एक झालं. डागांच्या भोवतीची कातडी आणखी काळी पडली. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की असं होतं, नंतर उतरतं. पण आरशात बघितलं की डाग आधीपेक्षा जास्त पांढरे दिसायचे. पार्लरमध्ये आरसे तर चहूकडे. मी मान खाली घालून झाडू मारायला शिकले.

मग मॅडमनी तेल आणलं.

त्यांच्या ओळखीतला कुणी एक माणूस जडीबुटीची तेलं बनवायचा. मॅडमना पार्लरच्या नावानं तेल काढायचं होतं. काळपट, उग्र वासाची बाटली त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "शुद्ध बावचीचं आहे. डागांवर लाव आणि गच्चीत जाऊन उन्हात बस. दुपारचं ऊन. बघ कसा रंग भरतो ते."

"मॅडम, मी आज सकाळीच गोळी घेतलीय. मशीनमधून आलेय. डॉक्टर म्हणाल्यात, उन्हात अजिबात—"

"डॉक्टरांना मशीनं चालवायची असतात. हे झाडाचं आहे. झाडाचं कधी बाधतं का?"

"गोळीपण त्याच झाडाची आहे."

मॅडमनी भुवया वर केल्या. "आता तू मला शिकवणार?" मग आवाज मऊ केला. "अगं, लग्नांचा सीझन येतोय. तुला परत खुर्चीवर घ्यायचंय मला. किती दिवस आत बसणार तू?"

खुर्चीवर. एवढंच ऐकलं मी.

गच्चीत पाण्याची टाकी होती. तिच्या सावलीत बसू नये म्हणून मॅडमनी रेश्माला बघायला पाठवलं होतं. रेश्मा दारात उभी राहून म्हणाली, "थोडी पुढे सरक ना. मॅडम विचारतील." मी पुढे सरकले. दोन्ही हात पालथे करून मांडीवर ठेवले. तेल उन्हात चकाकत होतं. समोर मुलुंडचे टॉवर, मागे डोंगर. ऊन लागत होतं, जळत नव्हतं. मला वाटलं, डॉक्टरीणबाई उगाच घाबरवतात.

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. सकाळी हात लाल होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी फोड आले. मनगटापासून बोटांपर्यंत, द्राक्षांएवढे, पाणी भरलेले. मूठ मिटत नव्हती. बादली उचलता येत नव्हती. तशीच कामावर गेले.

मॅडमनी बघितलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. "आतलं विष बाहेर पडतंय," म्हणाल्या. "चांगलं लक्षण आहे. पण असे हात घेऊन इथं नको. क्लायंट बघतात. घरी बस. बरी झालीस की ये."

डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या बांधल्या. "उन्हात कुणी बसवलं?"

"मॅडमनी."

"त्या डॉक्टर आहेत?"

"पार्लर आहे त्यांचं."

त्यांनी माझा केसपेपर पुढे ओढला. मग गोळी बंद केली, मशीन बंद केलं, जखमा भरेपर्यंत काहीच नाही म्हणाल्या. मी विचारलं, "बोटांचे डाग जातील ना?"

"चेहऱ्यावरचा भरेल असं वाटतं. बोटांच्या टोकांचं अवघड असतं. तिथं रंग परत येत नाही सहसा."

"किती दिवसांनी येईल?"

"कदाचित येणारच नाही. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला."

रडू यायला हवं होतं. नाही आलं.

घरी आईनं मला भरवलं. भाकरी दुधात कुस्करून, चमच्यानं. एवढी घोडी झालेली मी, आणि आई तोंडात घास घालतेय. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. नवरीचं, मावशीचं, साबणाचं. मावशी काय म्हणाली ते शब्दाला शब्द सांगितलं.

आईचा चमचा थांबला.

"मला बी असंच म्हनले होते," ती म्हणाली. "हात काढ म्हनले होते."

"कोण?"

"पाटलाच्या घरी लगीन होतं. आमी पोरी झाडझूड करायला गेलो होतो. मांडवात नवरीच्या साडीचा पदर खाली लोळत होता. चांगली साडी, मातीत लोळती, म्हनून म्या उचलला. लहान होते मी. एक बाई आली आन् वरडली, हात काढ. पदर पान्यानं धुतला मंग त्यांनी. माझ्यासमोर."

आई मला हे पहिल्यांदा सांगत होती. तिनं स्वतःचे हात पालथे करून माझ्यापुढे धरले, दिव्याच्या उजेडात. बुचं भरून भरून बोटं खरखरीत झालेली. पण एका रंगाची.

"बघ. माझ्या हाताला काय झालं होतं? काय बी नव्हतं झालं. चांगले काळेभोर हात होते माझे."

मग तिनं चमचा परत दुधात बुडवला. "खा."

त्या रात्री झोप लागायच्या आधी आतून काहीतरी सरळ झालं. इतके महिने मी समजत होते की डाग आहेत म्हणून मी आत आहे. डाग गेले की बाहेर. म्हणून मळमळ सोसली, चष्मा सोसला, कपाटात उभी राहिले, गच्चीत बसले. आईला तर डाग नव्हते. माझा कप खिडकीत ठेवला तेव्हा मलाही नव्हते. मग मी कशावर औषध घेत होते? जे औषध हवं होतं ते माझ्या अंगाला लावायचं नव्हतंच. आजार दुसरीकडे होता.

फोड सुकले. खाली नवी कातडी आली, चट्ट्याचट्ट्यांची. काही जागी काळी, काही जागी गुलाबी, डाग होते तिथं पांढरीच. मॅडमचा फोन आला. "ये गं उद्या. छान साडी नेस. तुझ्यासाठी काम आहे. बाहेरचं."

मी गेले. समोरच्या टेबलावर बाटल्या रचून ठेवल्या होत्या. सोनेरी लेबल, त्यावर जांभळं फूल. एक कॅमेरावाला दिवे लावत होता. तीनचार बायका खुर्च्यांवर होत्या, कुणाचे पाय पाण्यात, कुणाच्या डोक्याला मेंदी.

मॅडम खूश होत्या. "तुझे फोटो काढायचेत. आधी असेच हात, असाच चेहरा. मग रेश्मा मेकअप करेल, मग परत फोटो. आधी आणि नंतर."

"म्हणजे तेलानं बरी झाले असं दाखवायचं?"

"ॲडमध्ये सगळे तसंच करतात गं."

"पण मी भाजले त्या तेलानं."

"हळू बोल." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांद्यावर ब्लाउज होता. "इतके दिवस ठेवलं ना मी तुला? दुसऱ्या कुणी ठेवलं असतं? आता तू थोडं माझ्यासाठी कर. फोटो झाले की तू परत खुर्चीवर."

मी बसले. खोटं नाही बोलणार, बसले. कॅमेऱ्यानं माझे डाग टिपले. मग रेश्मानं कन्सीलर लावलं, वरून दुसरा थर, वरून पावडर. ती खाली बघून काम करत होती. झाल्यावर मी हात वर केले.

पूर्ण हात. एका रंगाचे. बोटांच्या टोकांपर्यंत माझ्या रंगाचे. मी किती वेळ बघत बसले मला माहीत नाही. असे हात परत कधी दिसणार नाहीत हे मला माहीत होतं. आणि ते इतके सुंदर दिसत होते की क्षणभर वाटलं, काढू दे फोटो. कुणाचं काय जातंय?

तेवढ्यात दार उघडलं. एक बाई आली, तिच्याबरोबर शाळेच्या गणवेशातली लहान मुलगी. बाईनं टेबलावरची बाटली उचलली.

"मॅडम, हे हिच्यासाठी चालेल का? गुडघ्यावर आलंय. आणि पापणीवर. सासूबाई फार बोलतात हो."

मुलीनं गुडघा दुसऱ्या पायामागे लपवला. कुणी सांगितलं नव्हतं तिला. तिला सवय होती.

"अगदी चालेल," मॅडम म्हणाल्या. "झाडाचं आहे. लावायचं आणि दुपारी उन्हात बसवायचं. ही बघा, आमच्याच मुलीचे हात बघा. कसे होते, कसे झाले."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी उठले. ट्रॉलीवरून क्लेन्झिंग क्रीम घेतलं, दोन्ही हातांना चोळलं आणि नॅपकिननं पुसलं. सगळं निघालं. डाग, भाजल्याचे वण, सगळं वर आलं.

"ताई, हे लावू नका," मी त्या बाईला म्हटलं. "पोर भाजेल. मी भाजलेय. पापणीजवळ तर अजिबात नका लावू. हॉस्पिटलात न्या तिला. आणि हे लागत नाही कुणाला. तिच्या जिवाला काही धोका नाही. तिला लपवायला शिकवू नका."

"तू आत जा," मॅडम म्हणाल्या.

"नाही जात."

"आत जा म्हटलं ना!"

"नाही जाणार, मॅडम. माझं आत काही काम नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. मेकअपखालून दिसत होतं. "बघितलं?" त्या खुर्च्यांवरच्या बायकांना म्हणाल्या. "यांच्यासाठी करायला गेलं तर हे असं. तुमच्या लोकांना ना, डोक्यावर घेतलं की हेच होतं."

तुमच्या लोकांना.

मी विचारलं, "मॅडम, हे डाग असलेल्या लोकांना म्हणालात, की आमच्या जातीच्या?"

ज्या बाईचे पाय पाण्यात होते तिनं पाय हलवले, तेवढा आवाज झाला. मॅडम टेबलावरच्या बाटल्या सरळ करायला लागल्या. मला उत्तर नकोच होतं. हा प्रश्न त्या खोलीत, सगळ्यांसमोर, एकदा मोठ्यानं विचारायचा होता. माझ्या आईनं मांडवात विचारला नव्हता. ती लहान होती. मी लहान नव्हते.

त्या बाईनं बाटली टेबलावर ठेवली. तिनं मला थँक्यू म्हटलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मुलीला घेऊन निघून गेली. हॉस्पिटलात गेली की दुसऱ्या पार्लरमध्ये गेली, मला माहीत नाही.

मी कामावरून गेले हे वेगळं सांगायला नको. घाटकोपर, मालाड, जिथं जिथं विचारलं तिथं आधी हात बघितले. रेश्मानं माझा नंबर ब्लॉक केला. तिलाही नोकरी आहे. गल्लीतल्या बायका मला धीर द्यायला येत नाहीत, आल्या तर आईशी बोलून जातात. आता मी घरातच थ्रेडिंग करते. काहीजणी येतात, काहीजणी दारातून हात बघून परत जातात. परत जाणाऱ्यांना मी थांबवत नाही. दिवस मोठा वाटतो.

हॉस्पिटलात मी परत जाते, चेहऱ्यासाठी. आता गोळी नसलेलं दुसरं मशीन आहे. डोळ्याजवळचा डाग हळूहळू भरतोय. बोटांचे तसेच आहेत. चेहऱ्याचं मला करायचंय म्हणून करते. उद्या नको वाटलं तर सोडून देईन. कातडी माझी आहे, तिचं काय करायचं ते मी ठरवणार.

मागच्या महिन्यात मुलुंडला एका हॉलमध्ये बायकांनी बनवलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. दिवे, कुर्ते, पापड, आणि मॅडमचा स्टॉल. सोनेरी लेबलच्या बाटल्या. मागे मोठा फलक, गेटातूनही दिसेल असा, त्यावर हातांचे दोन फोटो. आधी आणि नंतर. आधीचे हात माझे होते. नंतरचे कुणाचे होते, देव जाणे. माझे नव्हते, एवढं मी ओळखते.

मी आत गेले नाही. हॉलच्या गेटबाहेर फुटपाथवर उभी राहिले. भर उन्हात. बाह्या कोपरापर्यंत दुमडून. प्रत्येक येणाऱ्या बाईला सांगत होते, "आत कोडावरचं तेल विकतायत. त्या फलकावरचे डागवाले हात माझे आहेत. हे बघा, तेलानं काय झालं ते." काही थांबल्या. बऱ्याच जणी ओढणी सावरून बाजूनं गेल्या. एक म्हणाली, "वेडी आहे वाटतं." कुणीतरी वॉचमनला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, कशाला तमाशा करता? जा ना घरी."

"हा रस्ता आहे," मी म्हटलं. "मी रस्त्यावर उभी आहे."

मॅडम दारापर्यंत आल्या. काळा गॉगल लावला होता त्यांनी, ऊन होतं म्हणून. आम्ही एकमेकींकडे बघितलं. आधी त्या आत वळल्या.

दिवसभर मी तिथं उभी होते. माझ्याबरोबर कुणी नव्हतं. पाणी प्यायला कोपऱ्यावर गेले आणि परत आले. संध्याकाळी स्टॉलवाल्या सामान आवरत होत्या तेव्हा गेटवरच्या पोस्टरवर मी वाचलं, पुढचं प्रदर्शन बोरिवलीला आहे. स्टॉल तोच असणार, फलकही तोच.

मी बोरिवलीला जाणार आहे. ते हात फलकावरून उतरत नाहीत तोपर्यंत, जिथं तो फलक लागेल तिथं जाणार आहे. कुणी बरोबर आलं तर येऊ दे. नाही आलं तर मी एकटी जाईन, आणि दारात उभी राहीन, आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगेन.